‘आधी’ आणि ‘नंतर’च्या मधली छायाचित्रं

चाड सरोवराच्या छायाचित्रांची एक जोडी वर्षानुवर्षं फिरते आहे. डावीकडे आफ्रिकेच्या मधोमध पसरलेलं पाणी. उजवीकडे त्याच जागी वाळू, हिरवट दलदल आणि दक्षिणेच्या बाजूला उरलेला एक ठिपका. खाली बहुधा एकच ओळ असते: सरोवर मेलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे २५,००० चौरस किलोमीटर पसरलेलं पाणी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत दहाव्या हिश्शाच्या आसपास आलं, हे खरंच आहे. जोडीतलं एकही छायाचित्र खोटं नाही. तरी जोडी फसवते.

दोन बिंदू दिले की मन आपोआप त्यांच्यामधून सरळ रेघ ओढतं आणि ती पुढेही तशीच खाली जाणार असं धरून चालतं. चाड आटलं ते मुख्यतः सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतल्या दोन भीषण दुष्काळांत. नंतर ते थोडं सावरलं. पाणवनस्पतींच्या आड गेलेलं पाणी साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही. ते आणि जमिनीखालचं पाणी धरून हिशेब मांडला, तर गेल्या दोन दशकांत सरोवर आटत चाललंय असं म्हणता येत नाही, उलट साठा किंचित वाढलेला दिसतो, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं. हा केवळ अभ्यासकांचा कीस नव्हे. ‘मेलेल्या’ सरोवरात जीव ओतण्यासाठी काँगो नदीच्या खोऱ्यातून दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा कालवा खणायची योजना कित्येक वर्षं चर्चेत आहे. सरोवर कधी आटलं आणि आता काय करतंय, या प्रश्नाच्या उत्तरावर असल्या योजनेचं भवितव्य ठरायला हवं. दोन छायाचित्रांच्या जोडीत ते उत्तर नाही. ते मधल्या शेकडो छायाचित्रांत आहे, जी कोणी एकमेकांना पाठवत नाही.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे. अवकाशातून काढलेल्या एखाद्या छायाचित्राचं मोल मर्यादित असतं. खरं मोल खंड न पडू देता ठेवलेल्या वहीचं असतं, आणि ती वही सर्वांना उघडता आली तरच. वही ठेवणं आणि उघडी ठेवणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे. ती बाजारावर सोपवू नये, आणि सरकारच्या लहरीवरही नाही.

१९७२ हे वर्ष पाहा. त्या डिसेंबरात अपोलो १७च्या अंतराळवीरांनी चंद्राकडे जाताना सुमारे २९,००० किलोमीटरवरून पूर्ण उजळलेल्या पृथ्वीचं छायाचित्र काढलं. ते जगात इतक्यांदा छापलं गेलं की बाकी सगळी त्यापुढे फिकी पडली. (मूळ छायाचित्रात दक्षिण ध्रुव वर होता; आपल्याला सवयीचं दिसावं म्हणून ते उलटं फिरवून छापलं गेलं. पृथ्वीला वर-खाली नसतं हे शिकवणाऱ्या छायाचित्रालाही आपण आपल्या नकाशाचं वळण लावलंच.) त्याच वर्षी २३ जुलैला अमेरिकेने एक उपग्रह सोडला होता, ज्याला पुढे लँडसॅट १ हे नाव मिळालं. त्याची चित्रं कोणी भिंतीवर लावली नाहीत. सुमारे ९०० किलोमीटरवरून तो एकाच उंचीने, दिवसाच्या एकाच वेळी, दर १८ दिवसांनी त्याच जमिनीवरून जायचा आणि तीच जमीन पुन्हा टिपायचा. अत्यंत कंटाळवाणं काम. पण जगाला बदल मोजता आला तो या कंटाळवाण्या कामामुळे.

त्या उपग्रहावर दोन यंत्रं होती. मुख्य मानलं गेलेलं यंत्र दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासारखं होतं. दुसरं व्हर्जिनिया नॉरवुड या अभियंतीच्या कल्पनेतून आलेलं: एक हलता आरसा जमिनीची पट्टी पट्टी वाचत जाणार आणि प्रकाशाचे चार वेगवेगळे पट्टे आकड्यांत उतरवणार. ते प्रयोग म्हणून सोबत घेतलं होतं. वर गेल्यावर थोड्याच काळात विजेच्या बिघाडामुळे पहिलं यंत्र बंद करावं लागलं, आणि पाहुणा म्हणून आलेल्या आरशानेच घर चालवलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपण ‘छायाचित्र’ म्हणतो ते प्रत्यक्षात आकड्यांचं कोष्टक असतं. जमिनीच्या प्रत्येक चौकोनातून, म्हणजे पिक्सेलमधून, निळा, हिरवा, लाल आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश किती परत आला याचे ते आकडे. निरोगी पान लाल प्रकाश गिळतं आणि अवरक्त भरपूर परत पाठवतं. पाणी अवरक्त जवळजवळ सगळाच गिळतं, म्हणून काळं दिसतं. पान सुकायला लागलं की हे गणित बदलतं, कधी कधी डोळ्याला पिवळेपणा कळण्याच्या आधीच. म्हणून १९८६चा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवता येतो. मात्र अट एक: मोजपट्टी तीच हवी. नवा उपग्रह आला की तो जुन्याशी पडताळून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी दोघे काही काळ एकत्र आकाशात असावे लागतात. जुना मेल्यावर वर्षादोन वर्षांनी नवा पाठवला तर छायाचित्रं मिळतील, पण वही तुटेल.

ती तुटता तुटता वाचली आहे, आणि याचं श्रेय शहाणपणापेक्षा नशिबाला जास्त आहे. लँडसॅट ५ मार्च १९८४मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर गेला. लँडसॅट ६ला १९९३मध्ये कक्षाच गाठता आली नाही. लँडसॅट ७ १९९९मध्ये गेला, आणि २००३च्या मे महिन्यात त्याचा एक भाग निकामी झाला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चित्राचा सुमारे २२ टक्के भाग काळ्या पट्ट्यांत गेला. या सगळ्या काळात तीन वर्षांसाठी गेलेला तो म्हातारा पाचवा २०१३पर्यंत, म्हणजे जवळपास २९ वर्षं, राबत राहिला. आज आपण ‘गेल्या चाळीस वर्षांत’ अशी वाक्यं छातीठोकपणे लिहितो. त्यातली कित्येक त्या एका यंत्राच्या चिवटपणावर उभी आहेत.

बाजाराची कथा मात्र नशिबाची नाही, धोरणाची आहे. १९८४मध्ये अमेरिकेने कायदा करून ही चित्रं विकण्याचं काम खासगी कंपनीकडे दिलं. हेतू वरकरणी वाजवी होता: ज्याला उपयोग आहे त्याने पैसे मोजावेत. एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. विद्यापीठातल्या संशोधकाला दोन चित्रं परवडायची, दोनशे नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची सवय आपल्याला लागली त्यात या किमतीचाही वाटा असावा, असा माझा कयास आहे. पण किमतीपेक्षाही मोठं नुकसान वेगळं झालं. गिऱ्हाईक असेल तिथलंच चित्र टिपायचं, असा व्यवहार सुरू झाला. गिऱ्हाईक नसलेल्या, म्हणजे बहुधा गरीब आणि दुर्गम प्रदेशांच्या वरून उपग्रह जात राहिला, पण टिपणं झाली नाहीत. त्या वर्षांतल्या कितीतरी उष्ण कटिबंधीय जंगलांची पानं वहीत कोरी आहेत. किंमत उतरल्यावर चित्र विकत घेता येतं, पण न काढलेलं चित्र कुठल्याही किमतीला मिळत नाही. बाजाराच्या बाजूने बोलणारे हा फरक नेहमी विसरतात. १९८९मध्ये तर चालू असलेले दोन उपग्रह पैसे नाहीत म्हणून बंद करण्याचा आदेशही निघाला होता. ओरड झाली म्हणून ते वाचले.

२००८मध्ये चित्रं फुकट करण्याचा निर्णय झाला. पैसे मोजून घेण्याच्या काळातल्या सर्वांत चांगल्या वर्षात सुमारे २५,००० चित्रं खपली होती. फुकट झाल्यावर दोनच वर्षांत वर्षाकाठी लाखांनी उतरवून घेतली जाऊ लागली. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे विचारायचे प्रश्नच बदलले. पूर्वी प्रश्न असायचा, ‘यातलं कोणतं चित्र घेऊ?’ आता झाला, ‘सगळीच घेतली तर?’ २०१३मध्ये साडेसहा लाखांहून अधिक चित्रं वाचून जगभरच्या वृक्षाच्छादनाचा नकाशा तयार झाला: २००० ते २०१२ या काळात २३ लाख चौरस किलोमीटर गेलं, ८ लाख नव्याने आलं. २०१६मध्ये तब्बल तीस लाख चित्रांवरून जगातल्या पृष्ठभागावरच्या पाण्याचा हिशेब लागला. १९८४ ते २०१५मध्ये सुमारे ९०,००० चौरस किलोमीटर कायमचं पाणी नाहीसं झालं आणि १,८४,००० चौरस किलोमीटर नव्याने दिसू लागलं. नुसती बेरीज-वजाबाकी केली तर पाणी वाढलं म्हणून समाधान मानता येईल. पण नवं पाणी बरंचसं धरणांच्या जलाशयांचं आहे, आणि गेलेल्या पाण्यातलं सत्तर टक्क्यांहून अधिक पश्चिम आणि मध्य आशियातलं. एकीकडे अडवलेलं पाणी दुसरीकडे आटलेल्या पाण्याची भरपाई करत नाही. उलट पुष्कळदा दोन्हींची गोष्ट एकच असते, फक्त नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या वाट्याला तिची वेगवेगळी टोकं येतात.

अरल समुद्र त्याचं ढळढळीत उदाहरण. कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी वळवलं गेलं, आणि १९६०मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचा असलेला हा जलाशय तुकड्यातुकड्यांत विभागून सुकत गेला. २०१४मध्ये त्याच्या दक्षिण भागातलं पूर्वेचं खोरं पूर्ण कोरडं पडलेलं उपग्रहाने टिपलं. जोडी एवढंच सांगते. मालिका आणखी एक सांगते: २००५मध्ये उत्तरेच्या लहान तुकड्यावर बांध घातला गेला आणि तिथली पातळी पुन्हा वर आली. म्हणजे सगळं संपलेलं नव्हतं. किती केल्याने काय होतं, हेही त्या वहीत नोंदलं गेलं. हताश करणारी छायाचित्रं पुष्कळ आहेत. काय केल्यावर फरक पडला हे दाखवणारी मुद्दाम शोधून काढावी लागतात.

आता वहीच्या भक्तांनाही दोन शब्द. वरून पाहणं आणि वरवर पाहणं यांत अंतर आहे, पण फार नाही. २०१९मध्ये एक अभ्यास आला: २००० ते २०१७ या काळात पृथ्वीवरचं पानांचं क्षेत्र सुमारे पाच टक्क्यांनी वाढलं, आणि त्यातला एक तृतीयांश वाटा एकट्या चीन आणि भारताचा. बातमी झाली की जंगलं वाढली. अभ्यासातच लिहिलं होतं की भारताच्या बाबतीत ही वाढ ८२ टक्के शेतीतली आहे. वर्षातून एकाऐवजी दोन-तीन पिकं घेतली की जमीन जास्त दिवस हिरवी दिसते. त्या हिरव्यामागे खतं आहेत, उपसलेलं भूजल आहे. उपग्रहाला पान दिसतं. ते सागाचं की उसाचं, त्याच्या मुळाशी पाऊस आहे की विजेचा पंप, हे तो आपणहून सांगत नाही. एकाच जातीच्या झाडांची रांगेत केलेली लागवड आणि शेकडो जातींचं जुनं जंगल यांना एकाच हिरव्या रंगात रंगवणारे नकाशे अजूनही निघतात, आणि त्यांवर धोरणं आखली जातात. दिसतं तसं नसतं, हे आकाशातून पाहणाऱ्यालाही लागू आहे.

म्हणून जमिनीवरचा माणूस हवाच. १९८५मध्ये अंटार्क्टिकावरचा ओझोन विरळ होत असल्याचं जगाला सांगितलं ते ब्रिटिश तळावर वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीच्या उपकरणाने मोजणी करणाऱ्या शास्त्रज्ञांनी. वरून फिरणाऱ्या उपग्रहालाही ते नीचांकी आकडे मिळाले होते, पण इतके कमी आकडे शंकास्पद म्हणून आज्ञावलीने वेगळे काढून ठेवले होते. यंत्राने पाहिलं होतं; पाहिलेल्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे आधीच कोणीतरी ठरवून ठेवलं होतं. याच जातीची, पण हसू आणणारी एक हकिगत कॅनडाची आहे. लँडसॅट १च्या चित्रांत लॅब्राडोरच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर एक ठिपका दिसला, नकाशात नसलेला. १९७६मध्ये खात्री करायला एका सर्वेक्षकाला हेलिकॉप्टरमधून दोराने खाली सोडलं. बेट होतं, जेमतेम २५ मीटर रुंद आणि ४५ मीटर लांब. बेटावर पांढरं अस्वलही होतं, आणि त्याने वरून येणाऱ्या पाहुण्यावर पंजा उगारला. बेटाला लँडसॅटचंच नाव मिळालं. ८० मीटरच्या पिक्सेलमध्ये अस्वल दिसत नाही.

कौतुक पुरे. वही उघडी असली की कोणाला तरी खुपतेच. ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था १९८८पासून ॲमेझॉनच्या जंगलतोडीचा वार्षिक हिशेब ठेवते. २००४मध्ये वर्षाला सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर असलेली तोड २०१२पर्यंत सुमारे ४,६०० वर आली. त्यामागे कायदा, कर्जावरच्या अटी, खरेदीदारांचा दबाव अशी बरीच कारणं होती, आणि त्यांत जवळपास रोजच्या रोज सूचना देणारी उपग्रहांची यंत्रणा हे एक मोठं कारण होतं. सुरुवातीला तिला २५ हेक्टरांपेक्षा लहान तोड पकडता येत नसे, आणि पुढे तोडीचे तुकडे लहान लहान होत गेले. चोरालाही पिक्सेलचा आकार कळतो. २०१९मध्ये तोडीचे आकडे वर चढू लागले तेव्हा राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी ते खोटे असल्याचं जाहीरपणे म्हटलं. संस्थेचे प्रमुख रिकार्डो गल्वाव यांनी तितक्याच जाहीरपणे प्रत्युत्तर दिलं आणि ऑगस्टमध्ये त्यांना पद गमवावं लागलं. पण चित्रं कोणालाही तपासता येण्यासारखी होती. त्या वर्षाचा पक्का हिशेब आला, तेव्हा तोड २००८नंतरची सर्वाधिक निघाली. प्रमुखाला हटवून वही बदलता आली नाही, कारण वहीच्या प्रती सगळीकडे होत्या. उघडेपणाचा याहून चांगला युक्तिवाद मला ठाऊक नाही.

विरोधातले मुद्दे मी नाकारत नाही. उपग्रहांना प्रचंड पैसा लागतो आणि खासगी कंपन्या आज रोजच्या रोज, तीन मीटरच्या तपशिलाने सगळी जमीन टिपताहेत; त्यांनी धंदा करू नये असं कोण म्हणेल? करावाच. फक्त त्यांच्या चित्रांना सार्वजनिक वहीचा पर्याय समजू नये. कंपनी उद्या विकली जाईल, अटी बदलतील, नफा नसलेल्या भागावरून तिचा कॅमेरा मिटेल. १९८४नंतर काय झालं ते आपण पाहिलंच. नॉर्वेने २०२०मध्ये कंपनीशी करार करून उष्ण कटिबंधाची अशी चित्रं सर्वांसाठी खुली केली, हा मधला मार्ग चांगला आहे, पण त्यालाही शेवटी सार्वजनिक तिजोरीच लागली. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांनी १० मीटरची चित्रं फुकट दिली म्हणून त्या बाजारातल्या कंपन्या बुडाल्या नाहीत. त्यांच्याकडचा माल वेगळा आहे.

सुरक्षेचा मुद्दा जास्त गंभीर, आणि जास्त दांभिकही. अमेरिकेने १९९६च्या एका दुरुस्तीने आपल्या कंपन्यांना इस्रायलचा बारीक तपशील विकण्यास मनाई केली. ती मर्यादा २०२०मध्ये सैल झाली. म्हणजे काही जमिनी झाकून ठेवता येतात, झाकणारा बलवान असेल तर. बाकीच्यांना विचारण्याचा प्रश्नच येत नाही. १९८६च्या संयुक्त राष्ट्रांच्या तत्त्वांनुसार कुठल्याही देशाचं चित्र वरून काढायला त्याची परवानगी लागत नाही. त्या देशाला ते चित्र भेदभावाशिवाय आणि वाजवी दरात मिळावं, एवढीच तरतूद आहे. ती त्या काळासाठी ठीक होती. मला ती आज अपुरी वाटते. तत्त्व देशाबद्दल बोलतं, देशात राहणाऱ्यांबद्दल नाही. ज्याच्या गावाची नदी आटली, ज्याचं कुरण खाणीत गेलं, त्याला त्या जमिनीचा चाळीस वर्षांचा इतिहास सरकारच्या मध्यस्थीशिवाय आणि बारा हजार मैलांवरच्या तज्ज्ञाची वाट न पाहता उघडता यायला हवा. चित्रं फुकट झाली, पण ती वाचायला लागणारं शिक्षण, आज्ञावली आणि आपल्या भाषेतले शब्द फुकट झालेले नाहीत. पुढचा पैसा आणि पुढची भांडणं आता तिथे व्हायला हवीत, आणखी बारीक पिक्सेलसाठी नव्हे.

झाकून ठेवण्याची किंमत काय असते, याचं उदाहरण हिमालयाचं आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या हेरगिरी करणाऱ्या उपग्रहांनी लष्करी कामासाठी जग टिपलं. ती चित्रं फिल्मवर असत, आणि फिल्मची कुपी हवाई छत्रीने खाली येताना विमान ती हवेतच पकडत असे. त्यांतल्या नकाशे करणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांत, कोणी न मागता, हिमालयाच्या हिमनद्याही आल्या होत्या. २०१९मध्ये संशोधकांनी त्यांवरून २,००० किलोमीटर पट्ट्यातल्या ६५० हिमनद्यांची जुनी उंची काढली आणि नव्या चित्रांशी ताडून पाहिली: २०००नंतर बर्फ जाण्याचा वेग त्याआधीच्या पाव शतकाच्या दुप्पट निघाला. ती फिल्म गोपनीयतेतून बाहेर आली २००२मध्ये. तोवरची पंचवीसेक वर्षं बर्फ जात होता, आणि त्याची पहिली मोजणी एका तिजोरीत तयार पडून होती.